खोल समुद्राचे लाइव्ह डायव्ह: तीन वर्षं बघतेय, आज सविस्तर लिहितेय

बरेच दिवस लिहायचं होतं पण राहून जात होतं. गेली तीनेक वर्षं मी खोल समुद्रातले लाइव्ह डायव्ह बघते, म्हणजे संशोधन जहाजं खाली रोबोट सोडतात आणि त्याच्या कॅमेऱ्याला जे दिसतं ते तसंच्या तसं आपल्याला स्क्रीनवर दिसतं, कापाकापी नाही, मागे म्युझिक नाही, फक्त वर जहाजावर बसलेल्या शास्त्रज्ञांचं आपापसातलं बोलणं ऐकू येतं. पैसे लागत नाहीत, अकाउंट काढावं लागत नाही. एवढी सुंदर गोष्ट इतक्या कमी लोकांना माहितीय याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हा रिव्ह्यू.

मी मुख्यतः तिघांचे बघते. एक श्मिट ओशन इन्स्टिट्यूट, त्यांचं जहाज फॉल्कर टू आणि रोबोट सबास्टियन, तो 4500 मीटरपर्यंत जातो. दुसरं नॉटिलस, हे रॉबर्ट बॅलार्ड यांनी 2008 मधे सुरू केलेल्या ओशन एक्सप्लोरेशन ट्रस्टचं, त्यांचा रोबोट हर्क्युलीस, 4000 मीटर. आणि तिसरं अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेचं ओकेआनोस एक्सप्लोरर, त्यांचा डीप डिस्कव्हरर 6000 मीटरपर्यंत जातो. रोबोट म्हणजे माणसासारखा वगैरे नाही हां, छोट्या गाडीएवढा चौकोनी सांगाडा, पुढे दिवे, कॅमेरे, दोन यांत्रिक हात, आणि वरच्या जहाजाशी जोडणारी केबल. त्या केबलमधूनच वीज खाली जाते आणि चित्र वर येतं.

पहिल्यांदा बघाल तेव्हा बोअर व्हायची शक्यता आहे हे आधीच सांगते. कारण रोबोट तळाशी पोचायलाच तास-दीड तास सहज जातो. सुरुवातीला निळं पाणी, मग गडद निळं, साधारण 200 मीटरनंतर उजेड झपाट्याने कमी होत जातो आणि 1000 मीटरच्या खाली सूर्याचा उजेड पोचतच नाही. त्यानंतर जो काळोख आहे त्यात फक्त रोबोटचे दिवे आणि वरून सतत पडणारे पांढरे कण, ज्याला ते लोक मरीन स्नो म्हणतात, म्हणजे वरच्या पाण्यातल्या मेलेल्या जिवांचे, विष्ठेचे बारीक तुकडे. ऐकायला घाण वाटेल पण दिसायला पहाटेच्या दिव्याखाली धुकं हलावं तसं दिसतं, आणि खालच्या बहुतेक जिवांचं पोट त्याच्यावरच चालतं. मी सुरुवातीला हा भाग पुढे ढकलायचे, आता नाही ढकलत. एकदा तो काळोख डोळ्यात भरला की मग तळ दिसतो तेव्हा जे वाटतं ते थेट तळापासून बघितलं तर वाटत नाही, हे मी दोन्ही करून बघितलंय.

आता मुख्य गोष्ट. सौंदर्य. मी आधी छोटे छोटे व्हिडिओ बघायचे, पाच सेकंदाला एक प्राणी, मागे ढणाढणा संगीत, सगळे एकसारखे अद्भुत. लाइव्हमधे उलट होतं, दोन तास नुसता चिखल, चिखलावर कोणीतरी सरपटत गेल्याची रेघ, एखादी समुद्रकाकडी (काकडीसारखा दिसणारा प्राणी), परत चिखल, आणि मग एकदम दिव्याच्या टोकाला काहीतरी पांढरं दिसतं आणि पायलट, म्हणजे वर जहाजावरून रोबोट चालवणारा, रोबोट थांबवतो. कॅमेरा हळूहळू झूम होतो. काचेचा स्पंज, तळाला चिकटून राहणारा एक प्राणी. खरोखर काच, त्याचा सांगाडा सिलिकाचाच असतो, धाग्याला धागा विणून केलेली नळी, आणि विणकाम इतकं नीट की चौकडीच्या कापडाला तिरके टाके मारलेत असं वाटतं. यातल्या व्हीनस फ्लॉवर बास्केट नावाच्या स्पंजात कोळंबीची एक जोडी लहान असताना आत शिरते, आतच मोठी होते आणि मग त्या जाळीतून बाहेर पडता येत नाही म्हणून जन्मभर आतच राहते. हे ऐकल्यावर मी त्या जाळीकडे कितीतरी वेळ बघत बसले होते, आत काही हलतंय का ते शोधत.

रंगांबद्दल तर मला वेगळंच लिहायचंय. खाली किती प्राणी लालभडक आहेत! कोळंबी, जेलीफिश, काही मासे, एकदम कुंकवासारखा लाल. का, तर पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो, त्यामुळे खोलवर लाल प्राणी काळाच दिसतो, म्हणजे दिसतच नाही, तो त्याचा लपण्याचा पोशाख आहे. म्हणजे आपला रोबोट दिवा घेऊन जाईपर्यंत तो लाल रंग तिथे जवळजवळ कोणालाच दिसलेला नसतो, त्या जिवाच्या स्वतःच्या जोडीदारालाही नाही. हे पहिल्यांदा कॉमेंट्रीत ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता आणि अजूनही लाल जेलीफिश आली की मला तेच आठवतं. याच्या उलट काही मासे इतके काळे आहेत की त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशातला 99.5 टक्क्यांहून जास्त ते गिळून टाकतात, 2020 मधे यावर संशोधन आलं होतं. असा मासा समोर आला की दिव्याच्या झोतातसुद्धा नुसती माशाच्या आकाराची पोकळी दिसते, डोळा सोडला तर बाकी काही नाही.

आणि कॉम्ब जेली! अंगावर आठ पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवरून इंद्रधनुष्य धावत जातं, लाल पिवळं हिरवं निळं, परत लाल. बघणाऱ्याला हमखास वाटतं की ती स्वतः चमकतेय, मलाही वाटायचं. तसं नाहीये, पट्ट्यांवरचे बारीक केस हलतात आणि रोबोटचा प्रकाश त्यांच्यावर फुटून रंग दिसतात. जिवाने स्वतः तयार केलेला प्रकाश वेगळा, आणि तो तयार करणारे जीव खूप आहेत, कॅलिफोर्नियाजवळच्या पाण्यात 17 वर्षांची रेकॉर्डिंग मोजून एमबारी संस्थेच्या संशोधकांनी 2017 मधे सांगितलं की मधल्या पाण्यात दिसणाऱ्या प्राण्यांपैकी सुमारे 76 टक्के स्वयंप्रकाशी आहेत. पण गंमत अशी की दिवे लावले की तो प्रकाश दिसत नाही. क्वचित कधीतरी पायलट सगळे दिवे बंद करतात, तेव्हा स्क्रीन पूर्ण काळी होते आणि कुठेतरी एक निळा ठिपका उमटून विझतो. तेवढंच. तेवढ्यासाठी मी रात्री दोन वाजेपर्यंत जागलेय आणि मला ते वसूल वाटलं.

आईची गोष्ट सांगायची राहतेय. नॉटिलसवाल्यांना 2018 मधे कॅलिफोर्नियाच्या डेव्हिडसन नावाच्या समुद्री डोंगराच्या पायथ्याशी, साधारण 3200 मीटरवर, ऑक्टोपसांची वसाहत सापडली, हजाराहून जास्त माद्या एकमेकींना खेटून अंड्यांवर बसलेल्या. त्याचं जुनं रेकॉर्डिंग मी एका संध्याकाळी टीव्हीवर लावलं होतं. मोतिया जांभळट रंगाच्या, हात वर उलटे वळवून अंगाभोवती घेतलेले, तळहाताची वाटी करावी तसे, आणि त्यांच्या फटीतून मधूनच लांबट पांढरी अंडी दिसतात. आई मागे येऊन उभी राहिली.

"अगं, ही उलटी का झोपलीये?"

"झोपली नाही आई, अंडी राखत बसलीय."

"मग जेवते कधी?"

म्हटलं, नाही जेवत. अंडी फुटेपर्यंत तिथेच बसते आणि नंतर मरते. आई काही बोलली नाही, खुर्ची ओढून बसली, आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "त्या माणसांचा आवाज जरा बारीक कर, नीट बघू दे मला." त्या दिवशी आम्ही दोघींनी तासभर तेच बघितलं. नंतर मी तिला पुढचं वाचून दाखवलं, की तिथल्या खडकांच्या भेगांतून कोमट पाणी झिरपतं, आजूबाजूचं पाणी 1.6 अंश आणि भेगांतलं जवळजवळ 11 अंशांपर्यंत, त्या उबेमुळे अंडी दोन वर्षांच्या आत फुटतात, नाहीतर एवढ्या थंडीत कितीतरी जास्त वर्षं लागली असती. कॅलिफोर्नियाजवळच्याच मॉन्टेरे नावाच्या समुद्री घळीत 1400 मीटरवर दुसऱ्या जातीची एक मादी एकाच कड्यावर 53 महिने अंड्यांवर बसलेली शास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा जाऊन बघितली होती. त्रेपन्न महिने. आईने ते दोनदा विचारून घेतलं. आता तीच मला विचारते, आज काही लागलंय का गं खालचं.

देखाव्यांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट समजून घ्या, रोबोटच्या दिव्यात जेमतेम काही मीटर दिसतं. काळोख्या वाड्यात कंदील घेऊन फिरावं तसं आहे, खांबाचा बुंधा दिसतो, छत दिसत नाही. ज्वालामुखीचा लाव्हा पाण्यात थिजून झालेले उशांसारखे काळे गोळे दिसतात, त्यांच्या फटींतून प्रवाळांची झाडं, एखादं आडवं पसरलेलं पंख्यासारखं, त्याच्या प्रत्येक फांदीला ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशासारखे लांब हातांचे जीव, गुंडाळून बसलेले. पण आपण एका अख्ख्या पर्वताच्या उतारावर आहोत हे डोळ्यांना कधीच कळत नाही. अटलांटिकच्या मधोमध लॉस्ट सिटी म्हणून जागा आहे, 2000 मधे सापडली, तिथे कार्बोनेटचे पांढरे मनोरे आहेत, सगळ्यात उंच साधारण 60 मीटर, म्हणजे वीस मजली इमारत, आणि कॅमेऱ्यात एका वेळी त्याचा दीड-दोन मजल्यांचा तुकडा दिसतो. रोबोट तळापासून वर वर जात राहतो आणि पांढरे कंगोरे, मेणबत्ती वितळून थिजावी तशा झालरी, संपतच नाहीत. मला ती पद्धत आवडायला लागलीय, सगळं एकदम दिसत नाही म्हणून मनात जुळवावं लागतं.

हे मनात जुळवणं फार जुनं आहे आणि इथे कलेचा भाग येतो, जो मला या सगळ्या नादातून नव्याने कळला. 1930 ते 1934 मधे विल्यम बीबी हे अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून खाली गेले, 1934 मधे 923 मीटरपर्यंत. आत छोट्या खिडकीतून जे दिसेल ते बीबी टेलिफोनवर सांगायचे, वर ग्लोरिया हॉलिस्टर लिहून घ्यायच्या, आणि एल्से बोस्टलमन नावाच्या चित्रकार त्या वर्णनांवरून मासे रंगवायच्या. बोस्टलमन स्वतः त्या गोळ्यातून कधीच खाली गेल्या नाहीत. काळ्या कागदासारख्या पार्श्वभूमीवर दातांचे, दिव्यांचे मासे, नेटवर बघायला मिळतात, जरूर बघा. तसंच मरी थार्प या अमेरिकन भूशास्त्रज्ञ आणि नकाशाकार बाईंचं. आवाजाच्या लहरींनी मोजलेल्या खोलीच्या आकड्यांवरून त्यांनी टेबलावर बसून समुद्रतळाचे डोंगर काढले, तेव्हा बाईला जहाजावर घेत नव्हते, आणि त्या आकड्यांतूनच त्यांना अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेतली दरी दिसली. त्यांच्या आणि त्यांचे सहकारी ब्रूस हीझेन यांच्या कामावरून हाइनरिख बेरान या चित्रकाराने 1977 मधे जो रंगीत नकाशा रंगवला तो माझ्या मते निसर्गचित्रच आहे, निळ्या-जांभळ्या सावल्यांचं. मी एखादा डायव्ह बघायला बसले की बाजूला तो उघडून ठेवते, रोबोट कुठल्या रांगेवर आहे ते बघायला. रोबोटला कंदिलाएवढं दिसतं आणि नकाशात सगळा वाडा, दोन्ही एकत्र बघितलं की जागा कळते.

श्मिटवाले आजही चित्रकारांना, शिल्पकारांना जहाजावर बरोबर नेतात, आर्टिस्ट ॲट सी म्हणून त्यांचा उपक्रम आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं. 2025 च्या मार्च महिन्यात दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ सँडविच बेटांजवळ 600 मीटरवर त्यांच्या रोबोटने कोलोसल स्क्विड टिपला, त्याच्या स्वतःच्या घरात जिवंत असा पहिल्यांदाच, जगाला त्याची ओळख होऊन शंभर वर्षं झाल्यावर. मोठा होऊन सात मीटरपर्यंत जाणारा हा प्राणी, इथे मात्र 30 सेंटिमीटरचं पिल्लू, काचेसारखं पारदर्शक, हातांवर तपकिरी छटा. त्या मोहिमेच्या मुख्य शास्त्रज्ञ मिशेल टेलर यांनी नंतर सांगितलं की तो काय आहे हे तेव्हा त्यांना नक्की कळलं नव्हतं, सुंदर आणि वेगळा दिसला म्हणून चित्रण केलं. म्हणजे आधी सुंदर वाटलं, नाव मागाहून. मी तो तुकडा कितीदा बघितला असेल याची मोजदाद नाही.

आता कोणतं कोणासाठी ते सांगते. नवीन असाल तर नॉटिलसपासून सुरू करा. त्यांची मंडळी मोकळी बोलतात, हसतात, 2016 मधे 900 मीटरवर त्यांना मोठ्या गोल डोळ्यांचा जांभळा ठेंगणा स्क्विड भेटला तेव्हाचं त्यांचं बोलणं ऐका, लहान मुलं दिवाणखान्यात बोलावीत तसं, इतका निखळ आनंद. प्रश्नही पाठवता येतात आणि कधीकधी उत्तर मिळतं, माझ्या एका प्रश्नाला मिळालं होतं, दोन लाल ठिपके कसले असतात म्हणून. ते लेझरचे, एकमेकांपासून 10 सेंटिमीटरवर, प्राण्याचं माप कळावं म्हणून. नोआचं शांत आणि अभ्यासाचं आहे, किनाऱ्यावरचे तज्ज्ञ फोनवरून सामील होतात आणि प्रत्येक स्पंजाचं कुळ-गोत्र सांगतात, ज्यांना खोलात जायचंय त्यांना हेच आवडेल. 2016 मधे हवाईच्या बाजूला 4290 मीटरवर त्यांना जो पांढराफटक, भुतासारखा ऑक्टोपस दिसला तो खडकांच्या अभ्यासाच्या डायव्हमधे दिसला होता. आणि चित्र सगळ्यात देखणं कोणाचं म्हणाल तर श्मिट. 4K मधे येतं, इतकं स्वच्छ की जेलीफिशच्या आतल्या नळ्या मोजाव्यात. 2020 मधे ऑस्ट्रेलियाच्या निंगलू घळींजवळ त्यांना वेटोळं घातलेला सायफोनोफोर दिसला होता, नुसत्या बाहेरच्या वेढ्याची लांबी अंदाजे 47 मीटर, हजारो छोटे जीव एकमेकांना जोडून झालेली एकच दोरी, काळ्या पाण्यात चांदीच्या सरीसारखी पडलेली. मोबाइलवर बघू नका हो, मोठी स्क्रीन, खोलीत अंधार.

2025 च्या जुलै-ऑगस्टमधे याच लोकांनी अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञांबरोबर मार देल प्लाता घळीचे डायव्ह दाखवले, कॉमेंट्री पूर्ण स्पॅनिश. मला स्पॅनिश येत नाही तरी मी बघत होते, आणि हजारो लोक एकाच वेळी एका फुगीर नारिंगी तारामाशाकडे बघतायत ही भावनाच वेगळी होती. एका जांभळट समुद्रकाकडीला लोकांनी बटाटिता म्हणून हाक मारायला सुरुवात केली. शब्द कळत नसले तरी शास्त्रज्ञ एकदम गप्प झाले की समजायचं समोर काहीतरी आलंय.

तक्रारीही लिहिते. वेळेचा भरवसा नाही, हवामान बिघडलं की डायव्ह रद्द, मोहिमा संपल्या की आठवडेच्या आठवडे काही नाही. त्याला इलाज नाही, समुद्रच तसा आहे. जुनी रेकॉर्डिंग असतात पण आठ-आठ तासांच्या सलग फायली, आत काय कुठे आहे ते शोधायला वेळ जातो. मराठीत सबटायटल नीट मिळत नाहीत, आपोआप येणाऱ्यांत स्पंजाच्या जागी भलताच शब्द येतो, हे कोणीतरी मनावर घेऊन करायला हवं, शाळेतल्या मुलांसाठी तरी.

आणि सगळ्यात मोठा राग खोट्या व्हिडिओंचा. लाइव्ह लिहून चोवीस तास चालवलेले, कंप्युटरवर बनवलेले चमकणारे राक्षसी मासे, लाखो लोक बघतात आणि खरं समजतात. ओळखायचं कसं, तर खऱ्या डायव्हमधे खोली आणि तापमानाचे आकडे दिसतात, मरीन स्नो सतत पडत असतो, लेझरचे ठिपके मधूनमधून येतात, रोबोट तळाला टेकला की चिखल उडतो आणि मिनिटभर काहीच दिसत नाही, आणि बोलणारी माणसं मधेच "माहीत नाही" म्हणतात. खोट्यात सगळं कसं स्वच्छ आणि प्राणी कॅमेऱ्याकडेच बघत येणारा. फसवणुकीवरून आठवलं, मी भिंतीवर लावायला म्हणून अर्न्स्ट हेकल या जर्मन जीवशास्त्रज्ञांच्या रेडिओलेरियाच्या चित्राची मोठी प्रिंटही ऑनलाइन मागवली होती, ते समुद्रातल्या एकपेशी जिवांचे सिलिकाचे सांगाडे, ज्यावरून 1900 च्या पॅरिस प्रदर्शनाचं प्रवेशद्वार रचलं होतं. आली ती इतकी धुरकट की त्या बारीक जाळ्यांचे नुसते करडे डाग झालेले, विकणाऱ्याने फोटो परत पाठवायला सांगितला आणि नंतर उत्तरच दिलं नाही. ती मूळ चित्रं जुनी असल्यामुळे ग्रंथालयांनी मोठ्या आकारात स्कॅन करून मोफत ठेवलीयत, ती उतरवून घ्या आणि चांगल्या कागदावर स्वतः छापून घ्या. मी नंतर तसंच केलं, आता जाळीतलं भोक न् भोक दिसतं.

2025 मधे एका अभ्यासात हिशोब आला की माणसाने खोल समुद्राचा तळ डोळ्यांनी बघितलाय तो 0.001 टक्क्यापेक्षाही कमी. त्यामुळे एखाद्या कंटाळवाण्या मंगळवारी तुम्ही जो चिखलाचा उतार बघत असता तो बहुतेक वेळा जगात पहिल्यांदाच कोणीतरी बघत असतं, हे डोक्यात ठेवून बघा, चिखलसुद्धा वेगळा दिसतो.

माझ्याकडून पाचपैकी पाच, तिघांनाही. पुढचा डायव्ह कधी आहे ते त्यांच्या साइटवर मोहिमांच्या यादीत असतं. रोबोट वर यायला निघाला की लगेच बंद करू नका, परतीच्या वाटेवर मधल्या पाण्यात फार सुंदर जेलीफिश भेटतात आणि तेव्हा बोलणारे दमलेले असतात, म्हणून सगळं शांत असतं.